रेशमी कोंबड्यांचे आबा

आबांना माणूस भेटला की ते आधी त्याच्या कपड्याला हात लावतात आणि मग तोंडाकडे बघतात. शर्टाची बाही, धोतराचा सोगा, ओढणीचं टोक, जे हाताशी येईल ते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये कापड धरायचं, दोनदा चोळायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्या माणसाला त्यांनी दारातच सांगितलं होतं, "तुझ्या शर्टात कापूस औषधाला पण नाय." तो बिचारा टाकी खांद्यावर घेऊन उभा. "बरं बाबा, ठेवू कुठं ही?" एवढंच म्हणाला.

एका लग्नात तर त्यांनी नवरीच्या पैठणीचा पदर उलटा करून बघितला. स्टेजवर. आहेराच्या रांगेत आमच्या पुढं चार माणसं, मागं वीस. आबांनी पदराची मागची बाजू बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "धागे लोंबतायत. मशिनची हे." मग नवरीचा चेहरा पडलेला त्यांना अंधुक दिसला असावा, म्हणून वर म्हणाले, "पोरगी मात्र चांगली हे." त्या घरचं आमंत्रण पुन्हा आलं नाही. का आलं नाही ते आबांना अजून कळलेलं नाही.

माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली. मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याला नाशिकच्या अंबड भागातल्या कारखान्यात काम मिळालं म्हणून इकडं आले. सुनीतावहिनींनी मागच्या अंगणातली खोली राहायला दिली. मी त्यांच्या घरचा स्वयंपाक करायचा आणि त्यांच्या सासऱ्यांकडं, म्हणजे आबांकडं, लक्ष ठेवायचं, असं ठरलं. वहिनी शाळेत शिकवतात, दादा कंपनीच्या कामानं सारखे बाहेरगावी. परक्या गावात कुणी असं दार उघडून देतं, हे माझ्या मनातून कधी जात नाही. त्यामुळे मी या घरात थोडी दबकूनच असते. भांडं जरी पडलं तरी आधी दाराकडं बघते.

तर पहिल्या दिवशी मी आबांच्या पाया पडले. त्यांनी आशीर्वादाच्या आधी माझ्या पदराचं टोक धरलं.

"प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून केलीय," म्हणाले. मग म्हणाले, "सुखी राहा. गाव कोणतं?"

आबा येवल्याचे. चाळीस वर्षं हातमागावर पैठण्या विणल्या. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, समोर माग. अजूनही ते कुठंही बसले तरी पायाखाली खड्डा शोधतात. खुर्चीवर त्यांना चैन पडत नाही. मागच्या ओट्याच्या कडेला बसून पाय खाली सोडले की मग त्यांचा जीव शांत होतो. डोळे अधू झाले, रंग ओळखता येईनात, तेव्हा दादांनी त्यांना नाशिकला आणलं. डोळे गेले तरी बोटं शाबूत होती, आणि खरी अडचण तीच होती. नाशिकच्या बंगल्यात त्या बोटांना काम नव्हतं. त्यांनी आल्या आल्या घरातली सगळी पायपुसणी उसवून पुन्हा विणली. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या सगळ्या गाठी सोडवून इतक्या बारीक गाठी मारल्या की दोरी अख्खी वाटायची. दादांच्या पॅंटचं इलॅस्टिक त्यांनी एकदा धागा धागा मोकळं केलं. ते मात्र परत जोडता आलं नाही. "याला ताणा नाय, बाणा नाय, हे कापडच नाय," म्हणाले आणि तो ढीग दादांच्या उशाशी ठेवून दिला.

कोंबडे आले ते शेतीच्या एका प्रदर्शनातून. ठिबकच्या नळ्या, फवारणीची यंत्रं बघत दादा पुढं गेले आणि आबा मागं एका पिंजऱ्यापाशी थांबले. पिंजऱ्यात कापसाचे गोळे ठेवावेत तशा कोंबड्या होत्या. साध्या कोंबडीला पिसं असतात, यांना लोकरीसारखे केस. डोक्यावर एवढा मोठा झुपका की डोळे दिसत नाहीत. पाय बघावेत तर बोटं चाराच्या जागी पाच, आणि कातडी काळीशार. विकणारा सांगत होता की ही परदेशी जात आहे, शोभेसाठी पाळतात. आबा ऐकत नव्हते. त्यांनी पिंजऱ्यात हात घातला होता.

"दादा," त्यांनी आपल्या मुलाला हाक मारली, "हे रेशीम हे."

दादा म्हणाले, आबा, ही कोंबडी आहे. आबा म्हणाले, बोट सांगतं. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बोट सांगतं म्हटलं की पुढं बोलण्यात अर्थ नसतो. विकणाऱ्यानं विचारलं, नर पाहिजेत का मादी? आबांनी उलट विचारलं, केस लांब कुणाचे? तो म्हणाला, नराचे जरा लांब असतात, मानेवर आणि शेपटाकडं. मग आबांनी सहा नर घेतले. सहाच्या सहा कोंबडे, आणि एक कोंबडी नाही. येवल्याचा विणकरच अशी निवड करू शकतो. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात निदान एखादं अंडं तरी आलं असतं.

पुढचे आठ दिवस ते गळालेले केस गोळा करत होते. मग एके दिवशी स्वयंपाकघराच्या दारात बसून सूत काढायला लागले. केस हवेत उडाले, वरणात गेले, देवघरात गेले, वहिनींनी तपासायला आणलेल्या वह्यांत गेले. त्या केसांना बांधणीच नाही हो. पीळ दिला की भुगा होतो. दिवसभर खपून बोटभर लांबीची एक वात झाली. ती आबांनी समईत लावून बघितली. घरभर केस जळाल्याचा वास सुटला आणि वहिनी शाळेतून आल्या त्या थेट गॅस बघायला धावल्या.

आबा ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळी मी चहा दिला तेव्हा म्हणाले, "रेखे, चाळीस वर्षांत पयल्यांदा बोट फसलं."

मला वाटलं आता कोंबडे जातील. पण प्रदर्शन उठून गेलं होतं, आणि आबांना एव्हाना त्या सहा जणांच्या अंगावरून हात फिरवायची सवय लागली होती. त्यांनी नावंही ठेवली होती. एकेकाचा रंग मला विचारून, पैठणीच्या रंगांची. पांढरा तो शिरोदक, पिवळसर तो पोफळी. काळ्याचं नाव चंद्रकळा. मी एकदा भीत भीत म्हटलं, आबा, चंद्रकळा हे बाईचं नाव झालं, हा तर कोंबडा आहे. तर म्हणाले, "रंगाला काय गं नर आन् मादी."

आता एका अंगणात सहा कोंबडे आणि कोंबडी एकही नाही, म्हणजे काय होणार ते आमच्या गावच्या पोरालाही कळतं. दिवसभर मारामारी. आणि आरवायची चढाओढ. एक आरवला की दुसरा, दुसऱ्याचं ऐकून तिसरा. पहाटे तर आरवतच, पण दुपारी दोनलाही, आणि शेजारच्या साहेबांनी गाडीचा हॉर्न वाजवला की तेव्हाही. ते साहेब इंजिनियर होते, आता घरी असतात. ते कुंपणावरून वहिनींना म्हणाले की आम्ही शांततेसाठी इकडं घर घेतलं हो. घरात वहिनींच्या तन्वीचं बारावीचं वर्ष. ती कानात बोळे घालून अभ्यासाला बसायची आणि जेवायला हाक मारली तरी ऐकायची नाही.

अशात एका सकाळी मी अंगण झाडत होते, तर शिरोदक उलटा चालत होता. मान अशी पिळलेली की डोकं पाठीवर टेकलेलं, चोच आभाळाकडं. दोन पावलं मागं जायचा आणि गडगडायचा. माझ्या हातातला झाडू पडला. माझ्या आईच्या कोंबड्या मानमोडीच्या साथीत अशाच गेल्या होत्या. एकीची मान वळली आणि तीन दिवसांत खुराडं रिकामं. मी आत पळत जाऊन वहिनींना सांगितलं, मानमोडी आलीय, सगळे मरणार, शेजाऱ्यांच्या पोपटालाही होईल. वहिनी आधीच कंटाळलेल्या. त्यांनी लगेच फोन हातात घेतला, कोंबडे न्यायला कुणाला बोलवायचं ते शोधायला.

आबांनी शिरोदकला मांडीवर घेतलं होतं. मानेच्या मणक्यांवरून एकेक करत बोट फिरवलं. मग झुपक्याखाली डोक्याला बोट लावलं आणि तिथंच थांबले.

"मानमोडी नाय," म्हणाले. "हितं टोचलंय कुणीतरी. हाड मऊ हे याचं, बाळाच्या टाळूवानी."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. या जातीच्या कोंबड्यांची कवटी वरून पुरती भरलेली नसते. दुसऱ्यानं डोक्यात चोच मारली की मान फिरते. एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग नाही. बरा होईल, पण वेळ लागेल. वेगळा ठेवा, उजेड कमी, आवाज नको, मानेला खालून आधार द्या, हातानं भरवा. आबांनी सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरीणबाईंच्या ॲप्रनचं टोक चोळलं आणि म्हणाले, "सुती हे. चांगला हे." बाईंनी औषधाची चिठ्ठी जरा जास्तच घाईनं लिहिली.

मी दोन दिवस आबांसमोर गेले नाही. माझ्या तोंडच्या एका शब्दानं सहा जीव गेले असते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. म्हणाले, लपून काय बसलीस, अंडं उकड.

त्यांचं भरवणं बघण्यासारखं होतं. द्राक्षांच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये जुनं धोतर, धोतरावर टॉवेलची चुंबळ, चुंबळीवर कोंबड्याची मान. भिजवलेला मक्याचा भरडा, उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक, चिमूटभर गूळ, सगळं कोमट पाण्यात कालवून ताकाइतकं पातळ. अंडं मी माझ्या खोलीत उकडायचे, कारण वहिनींच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही. व्हिटॅमिनची हिरव्या रंगाची एक कॅप्सूल असते, तिला टाचणीनं भोक पाडून एक थेंब वर. मग ड्रॉपर. चोचीच्या टोकातून द्यायचं नाही, बाजूनं द्यायचं, एकेक थेंब. घाई केली तर श्वासाच्या नळीत जातं आणि कोंबडा हातात मरतो. एका वेळच्या जेवणाला पाऊण तास लागायचा, आणि अशा वेळा दिवसातून पाच.

मी एकदा करून बघितलं. माझ्या हाताला कापरं भरलं. कोंबडा शिंकला आणि तो बलक माझ्या तोंडावर आला. आबा म्हणाले, "तू आपल्या भाकरी बघ."

त्यांचे हात मात्र कापत नसत. मागावर नवा ताणा चढवायचा तर त्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला जोडावा लागतो. त्याला सांधणी म्हणतात. हजारो धागे असतात, केसाएवढे. मला तर ऐकूनच डोळ्यांपुढं अंधारी आली. आबांना कोंबड्याला थेंब थेंब पाजणं म्हणजे त्यातलाच प्रकार वाटायचा. भरवून झालं की गळ्याखालची दाण्याची पिशवी बोटांनी हलकेच दाबून बघायची. फुगलीय का, सकाळचं खाली उतरलं का. "आत्ता पुरे. सकाळचं अजून हितंच हे." डोळ्यांनी ते कधीच बघत नव्हते. भरवताना त्यांची मान भलतीकडंच असायची, पेरूच्या झाडाकडं.

आणि बोलायचे. माणसांशी जेवढे बोलत नाहीत तेवढं कोंबड्याशी. येवल्यातल्या कुठल्या मालकानं कसला रंग बिघडवला, कुठल्या लग्नात जिलेबी कच्ची राहिली. कोंबडा आभाळाकडं तोंड करून सगळं ऐकायचा. त्याला दुसरा इलाजही नव्हता.

पंधरा दिवसांनी शिरोदकची मान अर्धी सरळ झाली. पण तेवढ्यात पोफळीची फिरली. कोंबडे एकमेकांच्या डोक्यात टोचायचे काही थांबेनात. तेव्हा वहिनींनी आबांना बसवून नीट सांगितलं. चिडून नाही, शाळेत पालकांशी बोलतात तशा आवाजात. आजारी आहेत तोवर राहू देत, आजारी जीवाला मी घालवणार नाही. पण बरा झाला की निफाडला माझ्या भावाच्या द्राक्षबागेत जायचं. तिथं जागा आहे, राखण आहे. आणि बरा झाला हे कसं ओळखायचं, तर आरवला की झाला बरा. आजारी कोंबडा आरवत नाही.

मला वाटलं आबा भांडतील. चिडले की ते वहिनींना मास्तरीणबाई म्हणतात. त्या दिवशी तेही म्हणाले नाहीत. "कबूल," एवढंच म्हणाले.

मला हे कोडंच वाटलं. आता ज्या कोंबड्यावर ते पाऊण पाऊण तास खपणार, तो त्यांच्याच कष्टानं बरा होणार आणि बरा झाला म्हणून जाणार. नुसतं थोडं कमी भरवलं, एखादं औषध चुकवलं, तर कोंबडा राहील. माझ्यासारखीच्या डोक्यात हे पहिल्यांदा येतं. आबांच्या डोक्यात ते आलंच नाही, निदान तेव्हा तरी. शिरोदक एका सकाळी आरवला. आबांनी त्याचे पंख, पाय, पिशवी तपासली, स्वतः क्रेटमध्ये गवत घातलं, आणि भाजीच्या टेम्पोबरोबर त्याला निफाडला लावून दिलं.

"उतरलं," म्हणाले. मागावरून लुगडं उतरलं की विणकर म्हणतो तसं.

मी विचारलं, वाईट नाही वाटत? तर म्हणाले की सहा महिने ज्याच्यावर मान मोडायची ते लुगडं उतरलं की दुसऱ्याच्या कपाटात जातं, विणणाऱ्यानं त्याच्याकडं वळून बघायचं नसतं. मी विचारलं, आजींनी कधी नेसली होती का पैठणी? आबांचा हात पोफळीच्या मानेवर थांबला.

"गिऱ्हाईक आलं की ती खांद्यावर पदर टाकून दाखवायची," ते म्हणाले. "लय उठून दिसायचा. मग घडी करून द्यायची."

पोफळीही गेला. मग आणखी तिघे, असेच, एकेक करून आजारी पडत, बरे होत. निफाडहून वहिनींचे भाऊ फोटो पाठवायचे. मी बारकाईनं बघायचे. मला दोन वेळा एकाच कोंबड्याचा फोटो आल्यासारखा वाटला, पण मी काही बोलले नाही, तेवढं धाडस माझ्यात नाही. आबांना फोन हातात दिला तर ते काचेवर बोट फिरवायचे आणि परत द्यायचे. "गुळगुळीत हे," म्हणायचे. "काय कळत नाय."

शेवटी राहिला चंद्रकळा. सगळ्यात वाईट अवस्था त्याची. दोन दिवस तर तो डोकं पायांमध्ये घालून पडला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की याची आशा कमी धरा. आबांनी त्याचं क्रेट स्वतःच्या खाटेजवळ घेतलं. पाचाच्या सात वेळा केल्या. महिना गेला. मग दीड. चंद्रकळाची मान इंचाइंचानं वर आली. अंगावर मऊ काळी लव पुन्हा चमकायला लागली.

आणि एका सकाळी मी बाजरी निवडत होते, तर चार दाणे खाली सांडले. चंद्रकळा क्रेटमधून उडी मारून आला, सरळ मानेनं, आणि टक टक टक करून चारही दाणे उचलले. डोळ्यांवर झुपका असून एकही नेम चुकला नाही. मी तशीच बसून राहिले. आबा न्हाणीतून आले, त्यांनी त्याला चाचपून उचललं, चुंबळीवर मान टेकवली आणि ड्रॉपर लावला. चंद्रकळानं शहाण्यासारखी चोच उघडली.

मला वाटलं आबांना कळलं नसेल. पण त्यांच्या बोटांना कळलं नाही असं होणारच नव्हतं. पिशवीत सबंध बाजरीचा दाणा आहे की पातळ भरडा, हे ते झोपेतही सांगतील. त्या दिवशी त्यांचं बोट पिशवीवर आलं आणि तिथंच थांबलं. ते पेरूच्या झाडाकडं बघत राहिले.

त्यानंतर रोज तसंच. वहिनी शाळेतून आल्या की चप्पल काढता काढता विचारायच्या, काय म्हणतोय पेशंट? आबा म्हणायचे, मान अजून ढिली हे. वहिनी माझ्याकडं बघायच्या. मी भाजीकडं बघायचे. ज्यांनी मला छप्पर दिलं त्यांच्यापाशी मी खोटं बोलत होते, म्हणजे बोलत नव्हते पण तेच. रात्रीचं जेवण गोड लागेना. एकदा मनाशी ठरवलं की सांगून टाकायचं. वहिनींच्या मागं उभी राहिले आणि विचारलं, उद्या डब्याला काय देऊ?

एकदा बघितलं, तर ड्रॉपर रिकामा होता. वाटीत भरडा तसाच पडलेला. आबा रिकाम्या ड्रॉपरचा रबर दाबत होते, सोडत होते, आणि येवल्याच्या एका पाहुण्याची गोष्ट सांगत होते. चंद्रकळा चोच उघडून बसला होता. दोघांनाही घाई नव्हती.

तो रविवार होता. दुपारची जेवणं आटोपली होती. तन्वी क्लासला गेलेली. वहिनी मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून केस वाळवत होत्या, मी मेथी निवडत होते. आबा नेहमीच्या जागी पाय खाली सोडून, मांडीवर चंद्रकळा. शेजारच्या साहेबांनी गाडी बाहेर काढताना हॉर्न वाजवला. आणि चंद्रकळानं आबांच्या मांडीवरच मान ताणली, सरळ, खांबासारखी, आणि आरवला. दीड-दोन महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम. कुंपणापलीकडं साहेबांनी गाडी बंद केली.

माझ्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. वहिनींचा कंगवा केसांत थांबला. आबा वळले नाहीत. त्यांचा हात चंद्रकळाच्या पाठीवरून फिरत होता तो फिरतच राहिला, फक्त सावकाश. 

मग आबा म्हणाले, "रेखे, क्रेट आण. गवत घाल."

कबूल म्हटलेलं त्यांनी. मी उठले. पण नुसती पदर आवरत उभी राहिले. मी वहिनींकडं बघितलं. त्या आबांकडं बघत होत्या, त्यांच्या पाठीकडं, आणि शेजारी ओट्यावर पडलेल्या त्या रिकाम्या ड्रॉपरकडं. तो त्यांना त्या दिवशीच दिसला का आधीपासून माहीत होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

"क्रेट कशाला?" त्या म्हणाल्या.

"आरवला," आबा म्हणाले.

"खोकला तो, आबा."

आबांनी मान वर केली. वहिनी शाळेत फळ्यावर लिहिलेलं वाचून दाखवावं तशा आवाजात पुढं म्हणाल्या, "हवा बदललीय. तन्वीलाही झालाय खोकला. आजारी जीवाला मी या दिवसांत प्रवास करू देणार नाही."

कुंपणापलीकडून साहेबांनी विचारलं, काय हो, राहिलाय वाटतं एक? वहिनींनी तिकडं न बघताच सांगितलं की आजारी आहे, बरा झाला की जाईल.

आबांनी चंद्रकळाला मांडीवर नीट घेतलं. म्हणाले, "मग कोमट पाणी लागंल." मी पळत जाऊन आणलं. त्यांनी भरडा कालवला, ड्रॉपर भरला आणि चंद्रकळाच्या चोचीकडं नेला. थेंब चोचीवर पडला, दुसरा धोतरावर, तिसरा जमिनीवर. केसाएवढे धागे जोडणाऱ्या त्या हातांना चोच सापडेना. ते पुन्हा पुन्हा नेत होते आणि ड्रॉपरचं टोक थरथरत होतं. मला वाटलं मी जावं, पण माझे हात त्याहून वाईट.

वहिनी खुर्चीवरून उठल्या. या घरात आल्यापासून मी त्यांना कोंबड्याला हात लावताना कधी बघितलं नव्हतं. त्या ओट्याच्या कडेला आबांशेजारी बसल्या, ओले केस मागं टाकले आणि चंद्रकळाच्या मानेखाली हात धरला. तो चांगला धडधाकट कोंबडा दोघांच्या मध्ये चोच उघडून बसला.

"अशी?" त्यांनी विचारलं.

"जराशी वर," आबा म्हणाले.